गॅल्टीवरचा बर्फाचा छज्जा

आयर्लंडमध्ये बर्फ पडणार अशी बातमी आली की सगळ्यात आधी दुकानातला पाव संपतो. बर्फ नंतर पडतो, बहुतेकदा पडतच नाही, पण पाव मात्र दुपारपर्यंत नाहीसा झालेला असतो. ज्या देशात पडलेला बर्फ दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत वितळून गटारात जातो, तिथे धडधाकट माणसं चार-चार पाव छातीशी कवटाळून घरी का पळतात, हे मला इतकी वर्षं राहूनही कळलेलं नाही. आम्ही मराठी माणसं असला येडेपणा करत नाही. आम्ही कांदे आणि मॅगी आणतो आणि पाव नेणाऱ्यांना हसतो.

हवामान खातं इशारे देतं तेही रंगांत. पिवळा, केशरी, लाल. पिवळा म्हणजे जपून, केशरी म्हणजे खरंच जपून आणि लाल म्हणजे शाळा बंद. माझ्या नवऱ्याला हे इशारे वैयक्तिक अपमानासारखे वाटतात. कारण माझा नवरा पुण्याचा आहे आणि तो ट्रेकर आहे. या दोन गोष्टी आत्ताच सांगून टाकलेल्या बऱ्या, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

तसा तो लिमरिकमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. आठवड्यातून एकदा राजधानीजवळच्या चेरीवूडच्या ऑफिसला जातो आणि रस्त्यावरच्या ट्रॅफिकबद्दल घरी येऊन तासभर बोलतो. पण त्याला विचाराल तर तो मुळात सह्याद्रीचा माणूस आहे, पोटासाठी सॉफ्टवेअर करतो एवढंच. त्याने पाहिलेल्या गडांचा आकडा दर पार्टीला थोडा वाढतो. मधल्या काळात भारतात न जाता वाढतो, हे त्यातलं विशेष. इथल्या डोंगरांना तो टेकाडं म्हणतो. अख्ख्या देशातला सगळ्यात उंच डोंगर जेमतेम हजार मीटरचा, म्हणजे आमच्या कळसूबाईच्या खांद्यालाही लागणार नाही, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की तो 'अख्ख्या' म्हणाला की मी उरलेलं मनात पूर्ण करते.

मी नागपूरची. नागपुरात चढ म्हणजे उड्डाणपूल. मी इथल्या सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे आणि सुट्टीच्या दिवशी माझी एकमेव इच्छा अशी असते की मला कुणीही उभं करू नये. आमची लेक माध्यमिक शाळेत दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आपल्याकडच्या आठवीत, आहे. तिला मराठी सगळं कळतं, अगदी आम्ही हळू आवाजात बोललेलंही, पण उत्तर ती लिमरिकच्या इंग्रजीत देते. घरात असे तीन पक्ष. बहुमत कधीच कुणाला मिळत नाही आणि तरी दरवेळी नवऱ्याचंच सरकार येतं.

गेल्या जानेवारीत खरोखरचा बर्फ पडला. लोकांनी घेतलेला पाव पहिल्यांदाच कारणी लागला. आधी भरपूर पडला, मग ऊन येऊन अर्धा वितळला, मग कडाक्याची थंडी पडून जे उरलं होतं त्याची काच झाली. त्या काचेवर आणखी भुसभुशीत बर्फ आणि वर दोन दिवस वारा. मोटरवेवरून गॅल्टीचे डोंगर पांढरेशुभ्र दिसायला लागले. नवऱ्याने ते बुधवारी पाहिले आणि त्याच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी आमच्या साखरपुड्यातही पाहिली नव्हती.

"शनिवारी गॅल्टीमोर," तो म्हणाला. म्हणजे त्यातलं सगळ्यात उंच शिखर.

शनिवारी नाश्त्याला मी मुद्दाम फोन घेऊन बसले आणि डोंगरातल्या बचावपथकांनी लोकांसाठी लिहिलेली माहिती मोठ्याने वाचायला लागले. हेतू शुद्ध होता, त्याचा सकाळचा चहा कडू करणं. त्यात लिहिलेलं सगळं मी माझ्या शब्दांत सांगत गेले. हिमस्खलनाला हिमालयच लागतो असं नाही. तीव्र उतार, एकमेकांशी न पटणारे बर्फाचे दोन थर आणि त्यावरून चालणारा एक शहाणा माणूस एवढं सामान पुरतं. 'शहाणा' हा शब्द माझा होता. पुढे कॉर्निस नावाच्या प्रकाराबद्दल होतं. वारा डोंगरमाथ्यावरचा बर्फ ढकलत कड्याकडे नेतो आणि तो बर्फ कड्याच्या पुढे छज्ज्यासारखा बाहेर येत जातो. वरून पाहणाऱ्याला ती साधी सपाट जमीन वाटते. खाली काहीच नसतं. शिवाय अशा ठिकाणी घोळक्याने उभं राहू नये, वजन एका जागी आणू नये, वगैरे. हे सगळं मी दूरदर्शनच्या जुन्या बातम्या वाचणाऱ्या बाईच्या आवाजात वाचलं. लेक खो खो हसली.

"अगं, हे सगळं परदेशी लोकांसाठी लिहिलेलं असतं," नवरा म्हणाला.

"आणि आपण कोण?" मी विचारलं.

त्याने टोस्टला लोणी लावलं. "हिमस्खलन आल्प्समध्ये होतं. इथे हिमच धड होत नाही, त्याचं स्खलन काय होणार?"

तयारी मात्र दणक्यात झाली. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, थर्मासमध्ये आल्याचा चहा. सह्याद्रीत घालून घालून तळवे गुळगुळीत झालेले त्याचे पुण्याचे बूट. एक शिट्टी. बर्फात टेकायला काठ्या नाहीत, बुटांना लावायचे खिळे नाहीत, पण लिंबू होतं, कारण चढताना पित्त होतं असं त्याच्या आईने त्याला कॉलेजात असताना सांगितलं होतं. लेकीने प्रेसमधून म्हणजे कपाटातून डबा काढून देता देता बापाकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "युअर मॅन थिंक्स ही इज ऑफ टु एव्हरेस्ट." इथे 'युअर मॅन' म्हणजे नुसता 'तो बघ तो.' माझ्या बाबतीत दुर्दैवाने ते शब्दशः खरं आहे.

दक्षिणेकडून गॅल्टीमोरला जाणारी वाट साधी आहे. आधी शेतांमधला कच्चा रस्ता, कुंपणापलीकडे मेंढ्या, मग दलदल. त्या दिवशी ती गोठली होती म्हणून बुटात पाणी गेलं नाही, एवढाच थंडीचा उपयोग. वरचा उतार तर अगदी शांत आणि सौम्य होता. गंमत म्हणजे जसजसं वर जावं तसतसा बर्फ कमी होत गेला. गवताची टोकं दिसत होती, दगड उघडे पडले होते.

"बघ," नवरा म्हणाला. "खालून केवढा आव आणला होता. वर तर बर्फच नाही."

मीही बघितलं आणि मलाही तेच वाटलं. दोन दिवस वारा सुटलेला, खालून डोंगर पांढराशुभ्र दिसत होता, मग माथ्याजवळचा बर्फ गेला कुठे, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. सकाळीच मी स्वतःच्या तोंडाने त्याचं उत्तर वाचून दाखवलं होतं, बातम्यांच्या आवाजात.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा ढग एकदम वर उचलला गेला. पांढरा लोखंडी क्रॉस, त्याच्यापुढे स्वच्छ, सपाट, कुणाचं पाऊल न पडलेला बर्फ आणि त्यापलीकडे उत्तरेची सगळी हिरवी सखल जमीन, दूरपर्यंत. गॅल्टीमोरची ही उत्तर बाजू तुटलेली आहे. सरळ कडा, त्याखाली घसरता उतार आणि तळाशी एक काळं तळं. खरं सांगते, ते फार सुंदर होतं. मी घरी राहिले असते तर चूक झाली असती असं त्या मिनिटाला मला वाटलं, आणि हे मी त्याला कळू दिलं नाही.

"कोकणकडा!" नवरा म्हणाला.

ज्यांनी हरिश्चंद्रगड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथला कोकणकडा बघायची एक रीत आहे. कड्याच्या टोकावर उभं राहून बघायचं नाही, डोळे फिरतात, वारा ढकलतो. पालथं पडायचं, सरपटत पुढे जायचं आणि नुसतं डोकं बाहेर काढून खालच्या कोकणात डोकावायचं. मागे कुणीतरी तुमचे घोटे धरायचे. डोकावणारा 'ओढ' म्हणेपर्यंत धरणाऱ्याने सोडायचं नाही. पिढ्यानपिढ्या मुंबई-पुण्याची पोरं असंच करत आली आहेत आणि त्याला ती शिस्त म्हणतात. लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात मला तिथे नेऊन नवऱ्याने माझे पाय धरले होते. इतर बायकांना माथेरान दाखवतात.

तर ही शिस्त घेऊन माझा नवरा गॅल्टीमोरच्या टोकाला पालथा पडला. त्याच्या मनात काडीचीही शंका नव्हती. उभं राहणं हा बावळटपणा आणि पालथं पडणं ही सुरक्षितता, हे त्याच्या हाडांत मुरलेलं होतं. कुणी आयरिश माणूस असता तर तो टोकाजवळ गेलाच नसता, आणि गेला असता तर उभा राहून घाबरला तरी असता. आमच्या माणसाला घाबरायचीही सोय नव्हती, कारण तो नियमाने वागत होता. फरक इतकाच की कोकणकडा लाखो वर्षांपूर्वी तयार झालेला आहे आणि हा कडा बुधवारी तयार झाला होता.

"तू तिकडून फोटो काढ," त्याने लेकीला सांगितलं. "बाजूने. कडा आणि मी, दोन्ही आले पाहिजेत." तिथे कड्याची रेघ वळून थोडी पुढे येते. ती त्या वळणावरच्या उघड्या दगडांवर जाऊन उभी राहिली. "आणि तू पाय धर," तो मला म्हणाला.

मी माझ्या स्वभावाला जागून, "ढोपरं ओली होतील," असं म्हटलं आणि त्याच्या मागे पालथी पडून दोन्ही हातांनी त्याचे घोटे धरले. त्याचं डोकं आणि खांदे टोकाच्या पलीकडे गेले आणि तिकडून उद्गार यायला लागले. "अगं, काय दिसतंय! तळं अर्धं गोठलंय! अगं तू बघायला पाहिजेस!" टोपी आणि वारा यांतून मला त्यातलं अर्धंच ऐकू येत होतं.

तेवढ्यात माझ्या पोटाखाली बर्फ धप्पकन बसला. फार नाही, अंगठ्याएवढा. वरच्या मजल्यावर कुणी जड माणूस सोफ्यावर टेकला की खाली जसा आवाज येतो तसा आवाज झाला. मला वाटलं, बसला जरा बर्फ. त्यात काय.

गोष्टीतली मुलगी अशा वेळी मातृभाषेत टाहो फोडते. माझी मुलगी अस्सल लिमरिकच्या इंग्रजीत ओरडली, "आई! देअर इज नथिंग अंडर ये!" तुमच्याखाली काही नाहीये. मला आधी वाटलं थट्टा करते. मग मी तिच्याकडे पाहिलं. तिने हातातला फोन खाली केला होता. या वयाची मुलगी कुणी न सांगता फोन खाली करते, तेव्हा थट्टा नसते. ती बाजूने बघत होती. दगडाचा कडा कुठे संपतो आणि त्यापुढे आम्ही दोघं कशावर पडलोय, हे फक्त तिला दिसत होतं. ती हाताने दाखवत होती, इथे, इथे.

मी मान वळवली. माझ्या बरगड्यांखालून बर्फात एक आडवी रेघ गेली होती. बारीक, जरा निळसर, दोन्हीकडे लांबवर गेलेली. माझे पाय रेघेच्या अलीकडे होते. माझी छाती आणि हात पलीकडे होते. माझा नवरा तर सगळाच्या सगळा पलीकडे होता.

मला किती भीती वाटली ते सांगते. ऑपरेशन टेबलावर माणसाचं हृदय थांबलेलं मी पाहिलंय आणि तेव्हा माझे हात थरथरले नव्हते. तिथे माझे दात वाजत होते. आणि त्या पुढे पडलेल्या, टोपीवाल्या, कळसूबाईवाल्या माणसाबद्दल मला त्या क्षणी जे वाटलं ते निव्वळ प्रेम होतं. फार गैरसोयीच्या वेळी आलं होतं.

ओढावं तर तो माझ्यापेक्षा जड. ओढायला मला गुडघ्यांवर उठावं लागणार, सगळा जोर त्याच बर्फात रोवावा लागणार. ओरडावं तर तो काय करेल हे मला माहीत होतं. घरात कधीही ओरडलं तरी तो उठून उभा राहतो आणि "काय झालं?" विचारतो. आणि धरून ठेवावं, तर दोन माणसांचं वजन त्या एका तुकड्यावर. वजन एका जागी आणू नये.

मी त्याचे पाय सोडले.

डावा हात सहज सुटला. उजव्या हातमोज्याची मनगटावरची पट्टी त्याच्या बुटाच्या नाडीच्या आकड्यात अडकली होती. मी मागे व्हायला लागले आणि हात तिथेच राहिला. "अगं!" तो पुढून ओरडला. "धर ना!" मी हात ओढला, सुटेना. मग मनगट पिळून जोरात एक हिसका दिला, त्याचा अख्खा पाय हलला, आणि पट्टी निघाली. मी सरपटत रेघेच्या मागे आले. तो पुढे तसाच पडून राहिला होता.

मग मी माझ्या कामाचा आवाज काढला. रोगी टेबलावर घाबरून उठून बसायला लागतो तेव्हा वापरते तो. "ऐक. उठू नकोस. पोटावरच राहा. हळूहळू मागे ये. काही विचारू नकोस."

आणि आमच्या संसारात पहिल्यांदाच त्याने काही विचारलं नाही. त्याचे बूट रेघेवरून मागे आले. मग गुडघे. मग पाठीवरची पिशवी, ज्यात लिंबू होतं. मला त्याला धरायचं होतं आणि मी धरलं नाही. त्याची छाती रेघेच्या अलीकडे आली तेव्हा लेक धावत आली आणि आम्ही दोघींनी पिशवीचे पट्टे धरून त्याला दगडांवर फरफटत आणलं.

छज्जा लगेच पडला नाही. सिनेमात पडला असता. आम्ही तिघं धापा टाकत बसलो होतो, त्याने "काय झालं?" विचारायला तोंडही उघडलं होतं, तेव्हा आमच्या स्वयंपाकघराएवढा तो तुकडा शांतपणे खाली झुकला आणि गेला. क्षणभर काहीच नाही. मग खालून वाळूचा ट्रक रिकामा करतात तसा आवाज, आणि तो थांबेना. छज्जा खालच्या उतारावर आदळला होता आणि काचेवर बसलेला वरचा सगळा थर घेऊन तळ्याकडे निघाला होता. आवाज संपल्यावर लेकीने वळणावरून खाली पाहिलं. तळ्याकाठी कुणी नव्हतं, त्या बाजूच्या बर्फात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. ते आमचं नशीब. अकलेचा त्यात काही संबंध नाही.

नवरा पांढराफटक पडला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला.

"तू पाय सोडलेस."

मी त्याला वजनाचं सांगितलं, रेघेचं सांगितलं. तो इंजिनिअर आहे, त्याला कळलं. कळल्यावर त्याने मान हलवली आणि पुन्हा तेच म्हणाला, जरा हळू. "सोडलेस तू."

गाडीपाशी आल्यावर लेकीने सगळ्या पुऱ्या एकटीने खाल्ल्या. गाडी मी चालवत होते. हीटर लागला, काचा धुरकट झाल्या, आणि मोटरवेला लागेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता.

"पण परत धरलेस," तो म्हणाला.

"काय?"

"पाय. तू सोडलेस ना, तेव्हा माझं डोकं बंद पडलं. हात टेकून उठणारच होतो मी. उठलोच होतो जवळजवळ. मग तू परत धरलेस, एकदम घट्ट, हिसका देऊन. म्हटलं, आहे ही. मग पडून राहिलो."

मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवरून लेक माझ्याकडेच बघत होती. ती बाजूने उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं, माझा अडकलेला हात आणि तो कसा सुटला तेही. मी पुढच्या लॉरीला ओव्हरटेक केलं. ते करताना बोलता येत नाही, आणि मी ते बराच वेळ करत राहिले.

पुढच्या महिनाभरात हिमस्खलन या विषयात आयर्लंडमध्ये माझ्या नवऱ्याइतका जाणकार कुणी उरला नाही. ज्याला त्या सकाळी आल्प्सशिवाय हिम मान्य नव्हतं, तो आता बर्फाच्या थरांवर व्याख्यानं द्यायला लागला. मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने कड्याचे फोटो टाकून लाल बाण काढले. आमच्याकडे तिळगुळाचं जेवण होतं, त्याला किलकेनीहून एक डॉक्टर जोडपं आलं होतं, त्यांना त्याने पुरणपोळी गार होईपर्यंत वाऱ्याची दिशा समजावली. तोवर स्वयंपाकघराएवढा छज्जा बंगल्याएवढा झाला होता. गडांच्या आकड्याबरोबर वाढायला आता आणखी एक गोष्ट मिळाली होती, आणि मी एरवी अशा वेळी जे करते ते करत होते, म्हणजे ताटात वाढता वाढता प्रत्येक वाक्य दुरुस्त करत होते. बंगला नाही, स्वयंपाकघर. दोन तास नाही, दोन मिनिटं. लोक हसत होते.

"आणि हिने पाय सोडले," तो म्हणाला. "सोडले! पण मग परत धरले. तेवढ्यावर मी आज इथे बसलोय."

"कमाल आहे हं तुझी," डॉक्टरबाई मला म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले झाले होते. मी त्यांना आणखी तूप वाढलं. हे एक वाक्य मी दुरुस्त केलं नाही.

लेक पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आली. प्रेसमधून पेला काढताना माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "यू डिडन्ट, दो." तू धरले नव्हतेस.

"नाही," मी म्हटलं.

"इट वॉज द स्ट्रॅप."

"हो. पट्टी."

तिने पेला भरला, पाणी प्यायली, पेला विसळून जाळीत ठेवला. एरवी हे काम ती चार वेळा सांगितल्याशिवाय करत नाही. "ग्रँड," ती म्हणाली. इथे या शब्दाचा अर्थ ठीक आहे, चालेल, विषय संपला, मी तुझ्या बाजूने आहे, यांपैकी काहीही होतो. ती बाहेर गेली आणि त्यानंतर ती यावर कधी बोलली नाही.

पाहुणे गेल्यावर मी भांडी घासत होते आणि नवरा पुसत होता. बाहेर पाऊस पडत होता, साधा, इथला. तो बराच वेळ एकच ताट पुसत होता. प्रेक्षक नव्हते, त्यामुळे त्याचा आवाज वेगळा होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मला त्यातलं बाकी काही आठवत नाही गं. तळंसुद्धा नीट आठवत नाही. तू सोडलेस ते आठवतं, आणि मग तो हिसका. तेवढंच रोज आठवतं." त्याने ताट खाली ठेवलं. "खरं सांग. धरले होतेस ना परत?"

मी नळ बंद केला. माझे हात साबणाने भरलेले होते.

"हो," मी म्हटलं. "धरले होते."